शहाणपण स्वतःच्याच घरी का अडतं?

वय, हुशारी आणि शहाणपण यांची गल्लत करणारे प्रश्न याही वेळी आले आहेत.

वय वाढलं की शहाणपण येतंच ना? (सातपूर)

नाही. नुसत्या वयाने येत नाही.

एका क्लासमध्ये बोटांच्या ठशांवरून मुलाची निर्णयक्षमता सांगतात. चाचणी करावी का? (कॉलेज रोड)

पैसे घालवू नका. याला शास्त्रीय आधार नाही, अहवाल कितीही रंगीत छापलेला असो. मुलाबद्दल खरंच शंका असेल तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांना भेटा.

गावातले तंटे मी मिटवतो. पण धाकट्या भावाशी द्राक्षबागेच्या वाटणीचा विषय निघाला की डोकं चालत नाही. घरचे म्हणतात, 'लोका सांगे ब्रह्मज्ञान...' (निफाड)

घरच्यांनी टोमणे बंद करावेत. मानसशास्त्रज्ञ इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस यांच्या २०१४च्या प्रयोगांत हेच आढळलं: मित्राच्या संसारातल्या पेचावर माणसं जितका शहाणा विचार करतात, तितका स्वतःच्या पेचावर करत नाहीत. वयस्करही याला अपवाद नव्हते. स्वतःकडे त्रयस्थासारखं पाहायला लावलं, तेव्हा हा फरक उरला नाही.

म्हणून वहीत स्वतःचं नाव घालून लिहा. याला नेमकी भीती कशाची आहे? भावाच्या डोक्यावर कर्ज किती, मुलांची शिक्षणं कुठवर आली? बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांच्या गटाने शहाणपणाच्या ज्या पाच कसोट्या ठरवल्या, त्यांत दोन अशा आहेत: समोरच्याला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं असू शकतं हे मानणं आणि पुढचं सगळं आपल्याला कळत नाही हे धरून चालणं. भावाभावांच्या भांडणात नेमक्या याच दोन आधी सुटतात.

मग विश्वासातल्या एकाशी बोला आणि त्यानंतर एकट्याने विचार करा. बाल्टेस आणि उर्सुला स्टाउडिंगर यांच्या १९९६च्या प्रयोगात या क्रमाने गेलेल्यांची उत्तरं सरस ठरली. चारचौघांत तिथल्या तिथे शब्द देऊ नका. पण 'हंगाम जाऊ दे, मग बघू' हेही नको. ऑक्टोबर छाटणीचा खर्च अंगावर पडला की बोलणं पुन्हा हिशेबावर घसरतं. सातबारा आणि वाटणीपत्र वकिलांना दाखवल्याशिवाय सही करू नका. झोप उडाली असेल तर समुपदेशकांकडे जा.

वडील ७२ वर्षांचे, व्यवहारात चोख. हल्ली फोनवरून अनोळखी माणसाला पैसे पाठवतात, विचारलं की चिडतात. म्हातारपण समजायचं का? (इंदिरानगर)

मुळीच नाही. असा बदल मेंदूच्या आजाराचं लक्षण असू शकतो. थायरॉईड, बी-१२ची कमतरता, नैराश्य किंवा चालू औषधं यांनीही असं होतं, आणि त्यातलं पुष्कळसं उपचारांनी सुधारतं. 'वयच झालंय' म्हणत लोक महिने घालवतात, याचा मला फार त्रास होतो. याच आठवड्यात फिजिशियनना दाखवा, सगळ्या गोळ्या सोबत न्या, गरज वाटली तर ते न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतील. फसवणुकीची शंका असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आजच तक्रार नोंदवा.