लहानपणी आमच्याच धर्मसंस्थेत झालेल्या अत्याचाराची तक्रार तीस वर्षांनी करता येते का?

करता येते. आधी पोलिसांत जा, समाजाच्या बैठकीत नाही.

तुम्ही लिहिलंय की वडीलधारे "आपल्यातच मिटवू, बैठक लावतो" म्हणतायत आणि ज्याने केलं तो आता ७४ वर्षांचा आहे. हे वाचून राहवलं नाही, नाहीतर या विषयावर मी कुठेच लिहीत नाही.

माझं गाव वाघोटन खाडीच्या काठाला. गावात मठ आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे बुवा आम्हा पोरांना भजन आणि पखवाज शिकवायचे. १९८८ साली मी दहा वर्षांचा होतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मळायचं काम माझ्याकडे होतं. तो मान समजला जायचा, कारण ते काम करणारा पोरगा रात्री मठातच राहायचा. पुढचं लिहीत नाही. दोन सुट्ट्या तशा गेल्या. तिसऱ्या वर्षी मी तापाचं सोंग केलं आणि पखवाज सुटला तो सुटलाच. घरच्यांना वाटलं, पोराला तालाचं अंग नाही. आजही परातीत ओली कणीक दिसली की मी स्वयंपाकघरातून बाहेर येतो. बायकोला त्याचं कारण लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं.

२०१६ च्या मे महिन्यात चुलतभाऊ म्हणाला, यंदा मुलाला मठात पाठवतोय. त्या रात्री ओटीवर बसून मी सगळं सांगितलं. पोराचं जाणं रद्द झालं, तेवढं एक बरं झालं.

काका देवस्थानचे मानकरी. त्यांनी मला खोटं ठरवलं नाही, हे मान्य करतो. त्यांनी गावकी, म्हणजे गावाची बैठक, बसवली, गाऱ्हाणं घातलं आणि देवाला कौल लावला. मूर्तीला लावलेल्यांतला उजवा कळा पडला, म्हणजे देवाचा होकार. ठरलं असं की बुवांनी मठ सोडायचा, पोरांना शिकवायचं नाही आणि विषय गावाबाहेर न्यायचा नाही. काका म्हणाले, "देवान कौल दिल्यान, आता पोलीस कित्याक? म्हातारो माणूस, किती दिवसांचो तो?"

मी ऐकलं. देवावर माझी श्रद्धा होती, आजही आहे, आणि म्हणूनच सांगतो, कौल लावताना देवापुढे प्रश्न ठेवतो तो माणूसच. "हा गुन्हा आहे, पोलिसांत द्यावा का?" असं त्या दिवशी देवाला कुणी विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, की गावात मिटवावं का.

बुवा मठातून हलले नाहीत. गणपती झाले, शिमगा झाला, दर वेळी "पुढच्या बैठकीत बघू". यात १५ महिने गेले.

ऑगस्ट २०१७ मध्ये मी पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदार म्हणाले, "इतकी वर्षं काय करत होतात? मुदत संपली." हे तुम्हालाही ऐकवतील, ऐकून परत फिरू नका. मुदतीची अट ३ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना आहे, त्यावरच्या गुन्ह्यांना नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला, तो त्याआधीच्या गुन्ह्याला लागत नाही. पण तेव्हाची भारतीय दंड संहिता लागते. मुलींच्या बाबतीत बलात्काराचं ३७६ कलम होतं, माझ्यासारख्या मुलग्यांसाठी ३७७. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, म्हणजे मुदतीचा प्रश्नच येत नाही. पॉक्सो नव्हता म्हणून शिक्षा होत नव्हती असंही नाही. मुंबई आणि आपल्या मुरुडच्या निवारागृहांतल्या मुलांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने सोडलेल्या दोन ब्रिटिश नागरिकांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये पुन्हा कायम केली, त्यात ३७७ कलम होतं.

ठाण्यात घेतलं नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. माझा गुन्हा तसाच नोंदला गेला. तिथेही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्रियांना उत्पन्न न बघता फुकट मिळतो, पुरुषांना बहुतेक वेळा उत्पन्नाची अट बघावी लागते. शाळेचे दाखले, त्या वर्षीचे फोटो, तेव्हा कोण कोण पोरं होती त्यांची नावं, सगळं आताच लिहून काढा. माझ्याबरोबरचा एक जण मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे. मी विचारलं तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "माझा पण नाव घाल."

२०१८ च्या शिमग्यात घरोघरी फिरणारी देवाची पालखी आमच्याकडे आली नाही. आई खण-नारळाची ओटी घेऊन दारात उभी होती. ढोल शेजारच्या अंगणात वाजला, आमच्या बेड्यापुढून, म्हणजे फाटकापुढून, गेला आणि पुढच्या घरात वाजू लागला. आईने नारळ देवापुढे ठेवला आणि दिवसभर त्याला हात लावू दिला नाही. वाळीत टाकणं हाही आता गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मी त्याचीही तक्रार दिली. पुढच्या वर्षी पालखी आली. आईने ओटी भरली, मी आत बसून राहिलो.

आरोपपत्र दाखल झालं होतं. माझी साक्ष व्हायची होती आणि २०२१ च्या पावसात बुवा घरी, अंथरुणावरच वारले. आरोपी गेला की खटला तिथेच बंद होतो. काका भेटले तेव्हा म्हणाले, "बघ, देवान शिक्षा दिल्यान." ८१ वर्षांचा माणूस नातवंडांच्या गराड्यात गेला, त्यात शिक्षा कसली? काका, तुम्ही हे वाचलंत तर वाचा: ते १५ महिने माझे होते, ते गावकीने खाल्ले.

"मुलग्यांना काय होतंय" म्हणणारेही भेटतील. केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालात १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांची पाहणी होती. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक त्रासाचं सांगितलं, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते.

मी वकील नाही. नुसत्या अंगचटीसारख्या गुन्ह्याला तेव्हा शिक्षा कमी होती, तिथे मुदत आड येऊ शकते, ते वकिलाला आधी विचारून घ्या. खटला वर्षानुवर्षं चालतो. आणि तुमचं मन तयार नसेल तर जाऊ नका, माझा राग तुमच्यावर लादायचा नाही. पण तो माणूस आजही मुलांमध्ये असेल तर तक्रारीत ते ठळक लिहा आणि १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर आजच फोन करा. आजच्या मुलांना पॉक्सो लागतो, आणि त्यात धर्मसंस्थेतल्या माणसाने केलेला गुन्हा जास्त गंभीर धरतात.

घरच्यांना आधी सांगावं का, हे मला ठरवता येत नाही. आईला मी अर्ज पाठवल्यानंतर सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्या वर्षी ताप नव्हताच काय तुका?"