जुना फोन भंगारात दिला, तर पुढच्या प्रदूषणाची जबाबदारी माझी की कंपनीची?

तुम्ही विचारलंय, कुर्ल्याच्या भंगारवाल्याला फोन विकला तर पुढे होणाऱ्या प्रदूषणाला जबाबदार कोण? कायद्याच्या भाषेत मुख्यतः कंपनी. पण तेवढ्यावर आपण सुटलो असं मला वाटत नाही.

मी दादरला मोबाइल दुरुस्त करतो. सुट्या भागांसाठी कुर्ला-साकीनाक्याला जाणं होतं. तिथल्या गाळ्यांत फोन, मॉनिटर, चार्जर हातानेच खोलतात. चांगला डिस्प्ले, कॅमेरा बाजूला काढून पुन्हा विकतात. त्या लोकांना सरसकट नावं ठेवू नका. कितीतरी फोन त्यांच्यामुळे परत चालू होतात. घात होतो तो उरलेल्या मालात. तांब्यासाठी वायरी जाळल्या की प्लास्टिकच्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषं बाहेर पडतात, आणि जाळणाऱ्याच्या तोंडाला साधं फडकंही नसतं. फोनमधले सर्किट बोर्ड गोण्यांत भरून परराज्यात जातात. उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद हे त्याचं जुनं ठिकाण. तिथे आम्ल वापरून धातू काढले गेले आणि राख रामगंगेच्या काठावर पडली.

ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. उत्पादकाला, म्हणजे कंपनीला, पूर्वी विकलेल्या मालाच्या ठरलेल्या प्रमाणात पुनर्वापराचं लक्ष्य गाठावं लागतं. पहिल्या दोन वर्षांसाठी ते ६० टक्के होतं. त्यासाठी तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडून, इतका कचरा पुनर्वापरात गेला अशी प्रमाणपत्रं विकत घेतो. म्हणजे कंपनीचा हिशेब कागदावर पूर्ण होतो, पण वायर जाळणारा त्या हिशेबात कुठेच येत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

आपल्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फोन लवकर न बदलणं, कारण फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो बनतानाच झालेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच 'मेलेल्या' फोनची फक्त बॅटरी गेलेली असते, नाहीतर चार्जिंग पिन. पण बॅटरी गोंदाने अशी चिकटवलेली असते की मागची काच तापवून, पातळ पत्ती सरकवून, जीव मुठीत धरून ती उचलावी लागते. जोर जास्त पडला तर पेट घेते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७पासून ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी बॅटरी बंधनकारक केली आहे, काही अपवाद सोडून. आपणही हा आग्रह धरायला हवा.

तुमचा फोन खरंच संपला असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या अधिकृत केंद्रात द्या. पैसे कमी मिळतील. आणि बॅटरी फुगली असेल तर आधी तसं सांगा, दाबू नका.