नव्या खाद्याला नाक मुरडणारे मासे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या टाकीत सहा डिस्कस मासे असून, आणल्यापासून ते केवळ गोठवलेल्या ब्लडवर्मवर वाढले आहेत. आता त्यांना दाणेदार खाद्याची सवय लावायची आहे. परंतु दाणे टाकले की ते जवळ येतात, न्याहाळतात आणि तोंड फिरवतात. एखाद्याने दाणा उचललाच, तर तो लगेच थुंकून टाकतो. चार दिवस उपाशी ठेवूनही फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : आपल्या माशांना दाणे आवडत नाहीत असे म्हणण्यापेक्षा, दाणा ही खाण्याची वस्तू आहे हेच त्यांना अद्याप उमगलेले नाही, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. मासा खाद्य ओळखतो ते हालचाल, आकार व रंग, वास आणि अखेरीस तोंडाला होणारा स्पर्श यांवरून. ब्लडवर्म म्हणजे न चावणाऱ्या एका प्रकारच्या चिलटांच्या अळ्या. त्या लाल, मऊ आणि पाण्यात हेलकावत खाली येणाऱ्या असतात. त्यांची चटक लागलेल्या माशासमोर कडक, तपकिरी दाणा टपकन तळाशी जाऊन पडला, तर त्याच्या ओळखीची एकही खूण जुळत नाही. म्हणून साऱ्या खुणा एकाच वेळी न बदलता, आधी वास जुना ठेवून दाणा खपवावा, मग मऊपणा कमी करावा आणि ब्लडवर्मचे प्रमाण सर्वांत शेवटी घटवावे.

थुंकण्याचे म्हणाल, तर ती मला आशेची खूण वाटते. माशाला हात नसल्यामुळे वस्तू चाचपून पाहण्याचे काम त्याला तोंडानेच करावे लागते. ब्लडवर्म खातानादेखील डिस्कस ते अनेकदा बाहेर फेकून पुन्हा ओढून घेतो, हे आपण पाहिले असेलच. दाणा थुंकल्यावर तो त्याच्याकडे पुन्हा वळतो की पाठ फिरवून निघून जातो, एवढेच पाहावे. वळत असेल, तर निम्मे काम झाले.

मात्र सुरुवात करण्यापूर्वी एक खात्री करून घ्यावी. हे मासे जुने खाद्य पूर्वीइतक्याच हावरेपणाने खातात का? ब्लडवर्मकडेही त्यांचे दुर्लक्ष होत असेल, रंग काळवंडला असेल, विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी पडत असेल किंवा एखादा मासा कोपऱ्यात तोंड घालून राहत असेल, तर प्रश्न खाद्याचा नसून प्रकृतीचा आहे, आणि तेव्हा खाद्यबदलाचा विचार बाजूला ठेवावा. पाण्याची तपासणी करून अमोनिया व नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्ये शून्य असल्याचे पाहावे. डिस्कससाठी तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस असावे. मासा शीतरक्ती असल्यामुळे पाणी थंड झाले की पचन मंदावते आणि भूकही मरते.

आता प्रत्यक्ष कृती. माशाच्या तोंडाच्या मानाने लहान आणि सावकाश बुडणारा दाणा निवडावा. गोठवलेले ब्लडवर्म वाटीत वितळू द्यावेत आणि सुटलेले लालसर पाणी एरवीप्रमाणे फेकून न देता त्यात दाणे दहा-पंधरा मिनिटे भिजत ठेवावेत. दाणा बोटांच्या चिमटीत दाबला असता दबेल, पण त्याचा लगदा होणार नाही, इतपत मऊ झाला की तो ब्लडवर्ममध्ये मिसळावा. पहिल्या खेपेला नऊ भाग ब्लडवर्म आणि एक भाग दाणे पुरेत. हे मिश्रण फिल्टरमधून येणाऱ्या पाण्याच्या धारेत सोडावे, म्हणजे दोन्ही पदार्थ एकत्र वाहत जातात आणि खाण्याच्या घाईत माशाला निवड करण्यास उसंत मिळत नाही. सर्व मासे दाण्यासकट खाऊ लागल्याशिवाय प्रमाण वाढवू नये. एखादी पायरी जमली नाही, तर मुकाट्याने मागच्या पायरीवर यावे.

काही मासे मिश्रणातून नेमके ब्लडवर्म वेचून दाणे मागे ठेवतात. अशांसाठी दाण्यांची पूड, बारीक चिरलेले ब्लडवर्म आणि साखर व स्वाद नसलेले जिलेटिन यांची वडी करावी. जिलेटिन गरम पाण्यात विरघळवून ते कोमट झाल्यावरच बाकीचे मिसळावे, कारण उष्णतेने खाद्यातील क जीवनसत्त्व नष्ट होते. वडी फ्रीजमध्ये घट्ट झाली की तिचे बारीक तुकडे करून द्यावेत. यात वेचायला काही उरत नाही. पुढच्या प्रत्येक घाण्यात पुडीचे प्रमाण वाढवत न्यावे. खाद्यात लसणाचा रस घालण्याचा उपाय बराच प्रचलित आहे. वासाला भुलून काही मासे तोंड लावतात, काही ढुंकूनही पाहत नाहीत. थेंबभर घालून पाहण्यास हरकत नाही, पण त्यावर विसंबून राहू नये.

उपासाबद्दल स्पष्ट सांगायला हवे. धडधाकट, पूर्ण वाढलेला मासा आठवडाभर न खाता राहू शकतो, हे खरे. तथापि भूक केवळ धीट बनवते, ओळख करून देत नाही. त्यामुळे नुसता उपास घडवून कोरडे दाणे समोर टाकण्याला फारसा अर्थ नाही. एक दिवस खाडा करून दुसऱ्या दिवशी सकाळी वरील मिश्रण द्यावे. पिल्लांना तर उपाशी ठेवूच नये. त्यांची वाढ खुंटते आणि ती पुढे भरून निघणे अवघड असते. दाणे खाणारे एक-दोन डिस्कस सोबतीला मिळाले, तर बाकीचे त्यांचे पाहून लवकर शिकतात. अर्थात असे सोबती आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून, निरोगी असल्याची खात्री झाल्यावरच आत सोडावेत.

या काळात टाकीत उष्टे फार राहते आणि ते कुजून अमोनिया वाढतो. दहा-पंधरा मिनिटांत न संपलेले खाद्य नळीने ओढून काढावे आणि पाणी एरवीपेक्षा अधिक वेळा बदलावे. सवय लागल्यावरही ब्लडवर्म कायमचे बंद करण्याची गरज नाही. आठवड्यातून एक-दोनदा जरूर द्यावेत.

प्रश्न : आमचा ऑस्कर जातीचा मासा फक्त जिवंत छोटे मासे खातो. त्यालाही हीच पद्धत लागू पडेल का?

उत्तर : तत्त्व तेच, मात्र येथे वासापेक्षा हालचाल महत्त्वाची आहे, कारण ऑस्कर पळणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. प्रथम जिवंत माशाऐवजी माशाच्या मांसाचा किंवा कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरून पाण्यात हलवावा. त्यावर तो झेप घेऊ लागला की तुकडा नुसता सोडून पाहावा, आणि तोही घेऊ लागल्यावर त्याच तुकड्यात मोठा दाणा खोचून द्यावा. ऑस्कर हुशार असतो. चिमटा दिसताच काचेपाशी येऊन उभा राहू लागला, म्हणजे दाणा तसाच दिला तरी बहुधा गिळतो. ही खटपट करण्याजोगी आहे. भक्ष्य म्हणून वापरल्या जाणाऱ्या गोल्डफिशच्या शरीरात ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर (एन्झाइम) असते, त्यामुळे सतत तेच खाणाऱ्या माशाला त्या जीवनसत्त्वाची उणीव भासू लागते. शिवाय अशा माशांबरोबर रोगजंतू टाकीत येतात, ते वेगळेच.

प्रश्न : तळाशी राहणाऱ्या माशांसाठी बुडणाऱ्या वड्या आणल्या, पण आमच्या कोरिडोरसना त्या खाताना कधीच पाहिले नाही. त्यांना वड्या आवडत नसाव्यात का?

उत्तर : त्यांच्या वाट्याला वड्या येतच नसण्याची शक्यता अधिक आहे. वरच्या थरातले मासे वडी तळाशी पोहोचण्याआधी किंवा पोहोचताच तिचा फडशा पाडतात. वरच्या माशांना आधी त्यांचे खाद्य द्यावे, दिवा बंद करावा आणि अर्ध्या तासाने वडी टाकावी. कोरिडोरस मिशांनी चव घेत खाद्य हुडकतो, त्यामुळे त्याचे अंधारात अडत नाही. तळाची वाळू बारीक व गुळगुळीत असावी. टोकदार खड्यांनी मिशा झिजल्या की त्याला वडी शोधणेही कठीण जाते.