सक्तमजुरी, काळे पाणी आणि ऐकीव इतिहास : वाचकांची प्रश्नोत्तरे

इंग्रजी अमलातल्या तुरुंगांतील मजुरीबद्दल पत्रे थांबत नाहीत. गावे बदलतात, घोळ तोच. म्हणून निवडक प्रश्नांना एकदाच उत्तरे देतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे ढकललेले मजकूर ‘पुरावा’ म्हणून पाठवणाऱ्यांनी ते पुन्हा पाठवू नयेत, ही विनंती.

प्रश्न : सक्तमजुरी आणि साधी कैद यांत नेमका फरक काय? (नाशिक)

सक्तमजुरीत काम टाळता येत नाही, साध्या कैदेत ते कैद्याच्या मर्जीवर असते. टिळकांना 1897 मध्ये सक्तमजुरी झाली, तेव्हा त्यांना काथ्याचे काम करावे लागले. 1908 ची शिक्षा काळ्या पाण्याची होती, पण मंडालेत ती साध्या कैदेप्रमाणे भोगायची ठरली. म्हणून तिथे लिहिणे-वाचणे झाले. गांधीजींना 1922 मध्ये साधी कैद होती. येरवड्यात त्यांनी चरखा चालवला तो स्वखुशीने. तुमच्या घराण्यातल्या माणसाला काय झाले होते, ते निकालपत्रात बघा. आठवणीवर जाऊ नका.

प्रश्न : वासुदेव बळवंत फडके अंदमानात रस्त्याच्या कामावर होते का? (पनवेल)

नाही. ते एडनला होते आणि 1883 मध्ये तिथेच वारले.

प्रश्न : आमच्या गावाजवळचा तलाव आणि त्याकडे जाणारा रस्ता 1900 च्या सुमारास बेड्या घातलेल्या कैद्यांनी केला, असे जुने लोक सांगतात. ग्रामपंचायतीला तसा फलक लावायचा आहे. (माण)

फलक थांबवा. या प्रश्नाची पत्रे मला सर्वांत जास्त येतात आणि बहुतेक वेळा कैद्यांचा त्या कामाशी संबंध नसतो. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांत सरकारने जागोजागी कामे काढली. माणसे खडी फोडत, माती वाहत, तलाव खणत. कामाचे माप ठरलेले असे, ते पुरे झाले नाही तर मजुरी कापली जाई. हजेरी, मुकादम, छावणी असा सगळा थाट तुरुंगासारखाच. नातवंडांना सांगताना ‘सरकारने राबवून घेतले’ एवढेच उरले आणि पुढच्या पिढीने त्यांना बेड्या घातल्या.

एक साधी कसोटी सांगतो. आठवणीत बायका आणि पोरे खडी वाहताना येतात का? येत असतील तर ते बहुधा दुष्काळी काम. कैद्यांच्या टोळीत बायका-मुले नसत.

दुसरे असे की, हिंदुस्थानात रस्त्यावर कैदी राबवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जोरात होती. मेकॉले ज्या तुरुंगविषयक समितीत होता तिने 1838 मध्ये या पद्धतीवर कडक टीका केली आणि काम तुरुंगाच्या भिंतीआड न्यावे असे सुचवले. बाहेरच्या टोळ्या एकदम बंद झाल्या नाहीत, मोठ्या कामांवर त्या पुढेही नेल्या जात. पण विसाव्या शतकाच्या आरंभी सरासरी कैदी दळत होता, विणत होता, काथ्या कुटत होता. येरवड्याला तर छापखाना होता. जुन्या सरकारी पुस्तकांवर ‘येरवडा प्रिझन प्रेस’ असा शिक्का दिसेल. तेव्हा तुमच्या रस्त्यावर कैदी नव्हतेच असे मी म्हणत नाही. मुंबईच्या पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याची त्या सालांची दप्तरे आहेत. ती बघितल्याशिवाय दगडावर अक्षर कोरू नका.

प्रश्न : कैद्यांना दिवसाला किती तास राबवत? (जळगाव)

1894 च्या तुरुंग कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त नऊ. अडीनडीला अधीक्षकाच्या लेखी परवानगीने वाढवता येत. याच कायद्यात एक कलम आहे जे मला फार बोलके वाटते. मजुरी करणाऱ्या प्रत्येक कैद्याचे वजन पंधरवड्यातून एकदा तरी त्याच्या ‘हिस्ट्री तिकिटा’वर, म्हणजे कैद्याच्या नोंदींच्या कागदावर, नोंदवायचे. काम सोसत नाही असे डॉक्टरला वाटले तर काम बदलायचे. तुमच्या हाती असे तिकीट लागले तर शेरे नंतर वाचा, आधी वजनाचे आकडे एकाखाली एक मांडा. कोणत्या कामावर माणूस वाळला, ते तिथे दिसते. मात्र कायद्यात लिहिले म्हणजे कोठडीत पाळले, असे धरू नका.

प्रश्न : सेल्युलर जेल आणि पोर्ट ब्लेअरचे रस्ते क्रांतिकारकांकडून बांधून घेतले ना? आम्हाला गाइडने तसेच सांगितले. (ठाणे)

गाइडला तारखा विचारल्या होत्या का?

जेलचे बांधकाम 1896 ला सुरू झाले आणि 1906 ला संपले. माणिकतळा कटाचे, म्हणजे बंगालमधल्या अलीपूर बॉम्ब खटल्याचे, बंदी तिथे पोचले त्यानंतर तीन-चार वर्षांनी. विनायक सावरकर 1911 मध्ये. म्हणजे ते आले तेव्हा सात पाकळ्यांची, तीन मजल्यांची ती इमारत उभी होती. ती उभारली कैद्यांनीच, पण खून, दरोडा अशा गुन्ह्यांत जन्मठेप झालेल्या साध्या कैद्यांनी. 1858 च्या मार्चमध्ये डॉ. वॉकर पहिले दोनशे कैदी घेऊन उतरला तेव्हापासून जंगल तोडणे, दलदल भरून काढणे, धक्के बांधणे, रस्ते काढणे हे सगळे कैद्यांच्याच हातून झाले. त्या पहिल्या दोनशेंत 1857 च्या उठावातले बरेच होते, हे खरे. पण 1901 च्या सुमारास तिथे बारा हजारांच्या आसपास कैदी होते, त्यांतल्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

माझा राग गाइडवर कमी, आपल्यावर जास्त आहे. राजबंद्यांनी सोसले ते भयंकरच होते. कोलूला, म्हणजे तेलघाण्याला, जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचे, नाही भरले तर शिक्षा. माणिकतळा कटातल्या उल्हासकर दत्तांना तर वीटकामावर धाडले होते. तो छळ सांगायला खोटे बांधकाम कशाला जोडायचे? आणि जोडले की दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून ते वजा होते. सातारा-खानदेशातला कुणी भावकीच्या भांडणात कुऱ्हाड चालवून जन्मठेपेवर गेलेला कुणबी आपल्याला आठवायला नको असतो.

त्या माणसाचा प्रवास कसा असे तेही ऐका, कारण ‘काळे पाणी म्हणजे मरेपर्यंत कोठडी’ ही समजूतही चुकीची आहे. त्या काळच्या नियमाप्रमाणे आधी सहा महिने सेल्युलर जेलमध्ये एकटा. शिस्त अत्यंत कडक, काम तुलनेने हलके. मग दीड वर्ष इतरांबरोबरच्या तुरुंगात, काम जड. पुढची तीन वर्षे बराकीत राहून दिवसा बाहेर टोळीत मजुरी, मोबदला शून्य. रस्ते, लाकूडतोड, खाणकाम बहुतांशी याच टप्प्यातल्या माणसांचे. त्यानंतरच्या पाच वर्षांत थोडा भत्ता आणि मुकादमीची छोटी कामे. दहा वर्षे भरली आणि वर्तन चांगले असले तर तिकीट, म्हणजे तुरुंगाबाहेर राहण्याचा परवाना. मग गावात राहून शेती करायची, गुरे पाळायची, लग्न करायचे किंवा देशातून बायको बोलवायची. वसाहत सोडता येत नसे आणि रिकामे बसता येत नसे. वीस-पंचवीस वर्षांनी सुटका होण्याची शक्यता. राजबंद्यांना ही शिडी सहसा चढू दिली नाही.

शाळेच्या सहलीसाठी टिपण करत असाल तर गाइडचे वाक्य घेऊ नका, जेलच्या संग्रहालयातले फलक आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले गृहखात्याचे पोर्ट ब्लेअरविषयक कागद मिळवा.

प्रश्न : म्हणजे शेती ही शिक्षा नव्हती? (सांगली)

अंदमानात ती शिक्षेच्या शेवटाकडची सवलत होती. तुम्ही सांगलीचे आहात, तर आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर बघून या. औंध संस्थानाने 1939 मध्ये, मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांच्या पुढाकाराने, दीर्घ शिक्षेचे कैदी बायकामुलांसह शेतावर ठेवले. भोवती भिंत नाही. जायच्या आधी तुरुंग खात्याची परवानगी घ्या. तिथे आजही कैदी राहतात, ती सहलीची जागा नव्हे.

प्रश्न : महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी चिनी कैद्यांनी आणली, खरे का? (वाई)

तिथे चिनी आणि मलायी कैदी होते, त्यांनी रस्त्यांवर काम केले आणि बटाटे, विलायती भाज्या पिकवल्या. 1864 मध्ये तो तुरुंग बंद झाला. स्ट्रॉबेरीचे श्रेय देण्याआधी सातारा गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याचा जुना सरकारी माहितीग्रंथ, उघडा.

प्रश्न : ‘काळ्या पाण्याच्या कैद्याचा अस्सल पितळी बिल्ला’ ऑनलाइन विक्रीला आहे. घ्यावा का? (पुणे)

घेऊ नका. तो कुठून आला हे विचारा, उत्तर ‘जुन्या वाड्यातून’ असेच येईल. घासून काळे केलेले पितळ आणि वर ठोकलेला आकडा यांना इतिहास म्हणत नाहीत. फारच मोह असेल तर पैसे देण्याआधी संग्रहालयातल्या जाणकाराला प्रत्यक्ष वस्तू दाखवा. फोटोवरून मत मागू नका, मी देणार नाही.

प्रश्न : पणजोबा काळ्या पाण्यावर गेले होते. एक एजंट वीस हजारांत रेकॉर्ड आणि स्वातंत्र्यसैनिकाचा दाखला दोन्ही काढून देतो म्हणतो. घरी ट्रंकेत काही पत्रे आहेत, दहा वर्षांपासून बघायची राहिली. (कोल्हापूर)

एजंटला नमस्कार करा. रेकॉर्ड शोधायला एजंट लागत नाही. दाखल्याबद्दल जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा आणि पणजोबांचा गुन्हा राजकीय होता की नव्हता, हे आधी शोधा. नसला तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण खोटा दाखला मात्र आज गुन्हा आहे.

शोधाला चार गोष्टी लागतात : पूर्ण नाव, बापाचे नाव, कोणत्या न्यायालयाने शिक्षा दिली आणि साल. त्या असतील तर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळापासून सुरुवात करा, मग मुंबई आणि पुणे पुराभिलेखागार. तुम्ही कोल्हापूरचे, तेव्हा खटला संस्थानात चालला की इंग्रज हद्दीत, हे आधी ठरवा. दप्तर त्यावर अवलंबून आहे.

आणि ट्रंक. दहा वर्षे! वाळवीला तुमच्याइतका वेळ लागत नाही. पत्रे आजच बाहेर काढा, उन्हात टाकू नका, चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, कोऱ्या कागदात अलगद ठेवा आणि पुराभिलेखागारातल्या जतन विभागाशी बोला.