कटिंग मशीनवर मराठी शीर्षक कापताना

कॉम्प्युटरवरची नक्षी पात्याने कागदावर कापणारं मशीन आलंय म्हटल्यावर लगेच जाळीदार फुलपाखरं कापायचा मोह होतो. थांबा जरा. आधी त्याच कार्डस्टॉकच्या (जाड कागदाच्या) कोपऱ्यात छोटा चौकोन कापून बघा. कागद सुटला नाही तर पात्याचा दाब थोडा वाढवा. खाली मॅटवर (कागद ज्यावर चिकटवून कापतो त्या शीटवर) खोल चरे पडले तर कमी करा. नवी मॅट फार चिकट असते. जुना स्वच्छ सुती टी-शर्ट तिच्यावर दोन-चारदा दाबून घ्या. आणि कापून झाल्यावर कागद ओढू नका, मॅट उलटी करून मॅटच वाकवत सोडवा. नाहीतर कागदाची सुरळी होते.

आता खरी गोम. 'आजीचं अंगण' असं टाइप करून थेट कापायला दिलंत, तर शिरोरेषा जिथे एकमेकींवर येतात तिथेही पातं फिरतं आणि अक्षरं सुटी होतात. म्हणून सगळं वेल्ड करा, म्हणजे अक्षरं जोडून एकच आकार करा. मी तर शीर्षक इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्येच करते (फुकट आहे): मजकुराचा पाथ (अक्षरांच्या बाह्यरेषा), मग अनग्रुप (गट सोडवणं), मग युनियन (सगळं एकत्र जोडणं). अनुस्वार आणि वेलांटीवर नजर ठेवा, सुटा टिंब हमखास हरवतो. तो जरा खाली ओढून शिरोरेषेला टेकवायचा.

क्रिकट मशीनच्या डिझाइन स्पेस या सॉफ्टवेअरला एसव्हीजी (रेषाचित्राची) फाइल चालते. सिल्हूएट मशीनचं सॉफ्टवेअर सिल्हूएट स्टुडिओ, त्याच्या मोफत आवृत्तीत ती उघडत नाही, डीएक्सएफ या दुसऱ्या प्रकारची फाइल करून द्या. महागडी आवृत्ती इतक्यात घेऊ नका.