पहाटे जळणाऱ्या नरकासुराची नोंद

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावीच्या विज्ञान शाखेत आहे. अभ्यासात तो मध्यम आहे. मात्र गेली चार वर्षे आमच्या वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याची मान, हात आणि डोळे हलते करण्याचे काम त्याच्याकडे असते. भंगारातील वायपरची मोटर, सायकलची साखळी आणि दिव्यांच्या माळा एवढ्यावर तो हे साधतो. राक्षसाचे हसणेही मोबाईलवर स्वतःच्याच आवाजात मुद्रित करून लावतो. आता त्याला कला महाविद्यालयात ‘मीडिया आर्ट’ शिकायचे आहे. हा विषय नेमका कोणता, ॲनिमेशनच्या क्लासहून तो वेगळा कसा आणि गोव्यात त्याची सोय आहे काय? त्याची आई अनुकूल आहे, मी साशंक आहे. (एक पालक, डिचोली)

उत्तर : आपण ज्याला छंद समजत आहात, तेच या विषयाचे बीज आहे. चित्रकाराचे माध्यम रंग आणि शिल्पकाराचे माध्यम माती किंवा दगड. तसे माध्यमकलेत, म्हणजेच मीडिया आर्टमध्ये, काळ, ध्वनी, प्रकाश, हालचाल आणि समोर उभा असलेला प्रेक्षक हीच सामग्री असते. नाम जून पाइक या कोरियात जन्मलेल्या कलावंताने १९६५ साली दूरचित्रवाणी संचावर मोठे लोहचुंबक ठेवले आणि पडद्यावरची प्रतिमा वाकवून दाखवली. घरोघरी केवळ पाहण्यासाठी असलेली वस्तू त्याने हाताळण्याची वस्तू केली. आपल्या मुलाने वायपरच्या मोटरीचे जे केले, त्याची जात हीच आहे.

ॲनिमेशनच्या क्लासमध्ये प्रामुख्याने एखादे सॉफ्टवेअर चालवायला शिकवतात आणि ते कौशल्य उपयोगाचे असते, यात शंका नाही. महाविद्यालयात मात्र प्रश्न उलट्या बाजूने सुरू होतो : काय सांगायचे आहे, ते कोणाला आणि कोणत्या जागेत सांगायचे आहे, आणि त्यासाठी चलच्चित्र योग्य की ध्वनी, की प्रेक्षक जवळ येताच उजळणारी एखादी खोली? त्यामुळे विद्यार्थ्याला रेखाटन, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, संकलन, थोडे इलेक्ट्रॉनिक्स, थोडे संगणकलेखन (प्रोग्रॅमिंग) आणि कलेचा इतिहास असे बरेच काही एकाच वेळी पेलावे लागते. पहिल्या वर्षी काही मुले यानेच गोंधळतात.

गोव्यापुरते सांगायचे, तर पणजीच्या आल्तिन्यावरील गोवा कला महाविद्यालय १९७२ पासून आहे, ते गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे आणि १९७७ ते १९८७ या काळात चित्रकार लक्ष्मण पै तेथे प्राचार्य होते. तेथील पदवी शिक्षणाचा कणा चित्रकला आणि उपयोजित कला (अप्लाइड आर्ट) हा आहे. उपयोजित कलेतून माध्यमकलेकडे वळणे अवघड नाही आणि घरी राहून शिकता येते, ही सोय कमी लेखण्यासारखी नाही. राज्याबाहेर जायचे असल्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेशपरीक्षा आहे. तसेच आयआयटी मुंबईकडून घेतली जाणारी ‘यूसीड’ ही डिझाइन पदवीची प्रवेशपरीक्षा आहे, जिला कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी बसू शकतो, परंतु फक्त सलग दोन वर्षे. विज्ञान शाखा घेतल्याने वर्ष वाया गेले, असे आपण मानू नये. मोटर आणि विद्युतमंडल समजणारा विद्यार्थी या वर्गात इतरांना हवाहवासा वाटतो.

महाविद्यालय निवडताना माहितीपुस्तिकेतील सॉफ्टवेअरच्या लांबलचक यादीवर माझा तरी विश्वास बसत नाही, कारण सॉफ्टवेअर बदलत राहते. त्यापेक्षा आपण दोघे अंतिम वर्षाच्या प्रदर्शनाला जाऊन या. तेथे सगळ्यांची कामे एकाच साच्यातली दिसली, तर सावध व्हा. कार्यशाळा संध्याकाळनंतर उघडी असते काय, कॅमेरे विद्यार्थ्यांच्या हाती लागतात की कपाटात कुलूपबंद असतात, हे शिक्षकांना नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.

आता सर्वांत महत्त्वाचे. नरकासूर रात्रभर मिरवतो आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे जळतो. आपल्या मुलाच्या चार वर्षांच्या कामाची राखच उरली आहे. प्रवेशाच्या वेळी परीक्षकांना दाखवण्यासाठी नमुनासंग्रह लागतो आणि त्यात जळण्याआधीचे एक देखणे छायाचित्र पुरेसे ठरत नाही. बांबूचा सांगाडा, फसलेली पहिली जोडणी, साखळी का घसरली आणि मग काय बदलले, हे सारे रेखाटने व टिपणांसह दाखवावे लागते. मागील वर्षांचे जे वाड्यावरच्या मुलांच्या मोबाईलमध्ये असेल, ते आजच गोळा करायला सांगा. माध्यमकलेतील पुष्कळ कामे प्रदर्शन संपताच मोडली जातात आणि मागे नोंदच उरते, तेव्हा ही सवय पुढेही त्याच्या कामी येईल.

उत्पन्नाबद्दल आपण विचारले नाही, पण साशंकतेचे मूळ तेथेच असावे. संग्रहालयातील मांडणी, रंगमंचावरील प्रक्षेपण, प्रकाशयोजना, जाहिरात, चित्रपटाचे संकलन आणि गेमची निर्मिती अशा वाटा आहेत. सरकारी नोकरीसारखी ठरलेली वाट नाही. पहिली काही वर्षे मिळकत अनियमित राहण्याची शक्यता गृहीत धरून घरचे गणित मांडावे. दरम्यान, पणजीत डिसेंबरमध्ये भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाला त्याच्यासोबत आपणही जा. २०१६ पासून तो भरतो आणि ध्वनी-प्रकाशाच्या मांडण्या तेथे प्रत्यक्ष पाहायला मिळतात. साशंक माणसाने त्या पाहाव्यात, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षात आहे. मला परस्परसंवादी (प्रेक्षकाला प्रतिसाद देणारी) मांडणी करायची आहे, पण संगणकलेखनाची भीती वाटते. सुरुवात कोठून करावी? (विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : ही भीती ओळखूनच काही साधने घडवली गेली आहेत. ‘प्रोसेसिंग’ ही भाषा २००१ मध्ये केसी रियास आणि बेन फ्राय यांनी दृश्यकलावंतांसाठी सुरू केली. तिच्यात पहिल्याच ओळीला पडद्यावर वर्तुळ उमटते. ‘आर्डुइनो’ हा छोटा इलेक्ट्रॉनिक सर्किट-फलक इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये डिझाइनच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून तयार झाला. प्रकाश पडला की विद्युतरोध बदलणारा एक संवेदक आणि एक दिवा एवढेच घ्या, आणि हाताची सावली पडताच दिवा लागेल असे करून पाहा. ते जमल्यावर दिव्याच्या जागी ध्वनी आणा. पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसण्याचा मार्ग मला या विषयात फलदायी वाटलेला नाही. करायचे काम आधी ठरवावे आणि त्याला लागेल तेवढेच शिकावे.

प्रश्न : महागडा लॅपटॉप आधीच घ्यावा काय? (पालक, म्हापसा)

उत्तर : प्रवेश होईपर्यंत थांबा. त्रिमितीय कामासाठी ‘ब्लेंडर’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि ते घरातील साध्या संगणकावरही शिकता येते. पैसे खर्च करायचेच असतील, तर आधी बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि प्रत्येक कामाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. घरात जुना कॅमेरा असल्यास तो जूनपूर्वी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, कारण आपल्याकडील पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत.