सीमाखंदक, चर की बांध?

प्रश्न असा आला आहे: "इंग्लंडमधल्या सॅक्सन काळाच्या शेवटच्या टप्प्यातल्या एका शेतवस्तीचं उत्खनन झालं, त्यावरचा लेख मी मराठीत करते आहे. 'बाउंडरी डिच'ला 'सीमाखंदक' लिहिलं आणि 'फार्म सेटलमेंट'ला 'कृषी वसाहत'. पण वाचताना डोळ्यांपुढे किल्ला आणि कामगारांच्या चाळी येतात. काय लिहावं?"

तुम्हाला खटकलं ते अगदी बरोबर आहे. 'खंदक' हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि आपल्याकडे गडकोटांच्या संगतीतच राहिला. तो म्हटला की तटबंदी, बुरूज आणि शत्रू आलेच. सॅक्सन, म्हणजे 1066 पूर्वीच्या इंग्लंडमधल्या, शेतकऱ्याने खणलं ते पावसाचं पाणी काढायला, गुरं अडवायला आणि माझं कुठवर, शेजाऱ्याचं कुठून, हे दाखवायला. याला आपला शेतकरी 'चर' म्हणतो. तोच घ्या.

आता यातली खरी गंमत. जुन्या इंग्रजीत या अर्थी 'डीच' असा शब्द होता आणि तो चरालाही चाले, बांधालाही. कारण उघड आहे: चर खणला की निघालेली माती कडेलाच टाकायची, तिचा आपोआप बांध होतो. पुढे इंग्रजीत त्याच एका शब्दाच्या 'डिच' आणि 'डाइक' अशा दोन वाटा झाल्या. उत्खननात मात्र बहुतेक वेळा चरच सापडतो. वर आलेला बांध शतकानुशतकांच्या नांगरटीने सपाट होतो. खाली गेलेला चर गाळाने, राखेने, खापरांनी भरून काळपट पट्ट्यासारखा मातीत उरतो. म्हणून अहवालात पानोपानी 'डिच' दिसतो. जिथे लेखक जमिनीत सापडलेल्या खुणेबद्दल बोलतो तिथे 'चर' लिहा, आणि जिथे तो त्या काळी ती हद्द कशी दिसत असेल ते सांगतो तिथे 'चर-बांध' असा जोडशब्द बिनधास्त वापरा.

नॉर्थॅम्प्टनशरमध्ये रौंड्सजवळ, नेन नदीच्या खोऱ्यात, वेस्ट कॉटन नावाची जागा आहे. 1980 च्या दशकात तिथे मोठं उत्खनन झालं. दहाव्या शतकात आखून दिलेले, चरांनी वेगळे केलेले घरांसाठीच्या जमिनीचे तुकडे, लाकडी खांबांची घरं आणि पाणचक्की, असं सगळं तिथे मिळालं. अशा ठिकाणाला 'वसाहत' म्हटलं की तो सगळा जिवंतपणा जातो. माझं मत स्पष्ट आहे: 'वाडी' लिहा. 'वाडी', 'वाडा' हे संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपणातली जागा, यावरून आलेले. सॅक्सनांचा शब्द होता 'टून'. त्याचाही मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा. मग तो शेतघर झाला, गाव झाला, आणि आजचा 'टाउन' त्यातूनच आला; जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद 'त्साउन' अजून कुंपणच आहे. कुंपणापासून वस्तीपर्यंतचा हाच प्रवास दोन भाषांनी वेगवेगळा केला, हे मला फार सुंदर वाटतं.

'बाउंडरी'साठी सरसकट 'सीमा' नको, कारण मराठीत पायऱ्या आहेत. दोन शेतांमधला तो बांध (विदर्भात धुरा), दोन गावांमधली ती शीव. सॅक्सन राजे जमिनी देत तेव्हा दानपत्राचा कायदेशीर भाग बहुधा लॅटिनमध्ये असे, पण हद्दीचं वर्णन लोकांच्या इंग्रजीत. अमुक ओढ्यापासून जुन्या चरापर्यंत, तिथून काटेरी झाडाकडे, करड्या धोंड्याकडे, नांगराच्या तासाच्या कडेने, आणि पुन्हा ओढ्यावर. ही शीव आहे, आणि ती पायांनी चालून सांगितलेली आहे. सॅक्सन राजवट संपवणारी हेस्टिंग्जची 1066 ची लढाई कुठे झाली हे सांगतानाही एका इतिवृत्ताने 'करड्या सफरचंदाच्या झाडापाशी' एवढंच लिहिलं, कारण अशा झाडांवरूनच मुलूख ओळखला जाई. आपल्या ताम्रपटांतल्या 'चतुराघाटां'शी (चारी बाजूंच्या हद्दींशी) आणि आजच्या खरेदीखतातल्या 'चतुःसीमां'शी याचं साम्य आहे, क्रमही बहुधा प्रदक्षिणेचाच. तरी 'चतुःसीमा' हा शब्द इथे लावू नका: आपल्याकडे चार दिशांना काय आहे ते सांगतात, तिकडे एकेक खूण गाठत फेरी पूर्ण करतात. 'शिवेचं वर्णन' पुरे.

एक सावधगिरी. जुन्या इंग्रजीत हद्दीला 'येमॅरे' असाही शब्द आहे, आणि कोकणात आपण शेताच्या बांधाला 'मेर' म्हणतो. पाहताच नातं जोडावंसं वाटतं. पण आपली 'मेर' प्राकृतातल्या 'मेरा', म्हणजे मर्यादा, या शब्दाकडे जाते. नुसत्या ध्वनीवर सोयरीक करू नये. खरं नातं हवं असेल तर 'एकर' घ्या. जुन्या इंग्रजीतला 'अकेर' म्हणजे शेत, आणि ऋग्वेदातला 'अज्र' त्याचा सख्खा नातलग. लेखात 'रॉड' हे माप येईल, ते साडेसोळा फुटांचं. दोन रॉड म्हणजे 33 फूट, आणि 33 फूट लांब-रुंद म्हणजे आपला एक गुंठा, कारण इंग्रजी अमदानीत मोजणीची साखळीच 33 फुटांची ठरली. ही तळटीप जरूर द्या, वाचकाला क्षेत्रफळ हाताशी येईल.

'लेट सॅक्सन'ला 'उत्तर सॅक्सन' नको, दिशेचा घोटाळा होतो. 'उत्तरकालीन सॅक्सन' चालेल, साधारण इ. स. 850 ते 1066. आणि अहवालात चर 'रीकट' केल्याचं वारंवार येईल, तिथे 'पुनर्खनन' लिहू नका. गाळाने बुजलेला चर दर काही वर्षांनी मोकळा करावा लागतो, आणि छेदात, म्हणजे चराच्या उभ्या कापात, ते थर एकावर एक दिसतात. त्यासाठी आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे, 'उपसणे'. तुमचं वाक्य असं होईल: "वाडीच्या कडेचा चर तीन वेळा उपसलेला दिसतो."